मातृभूमी बाल्कनीत

"कागद? तमादाच्या हातात कागद?" वार्लाम लोमाद्झेने चहाचा पेला असा काही आपटला की बशीतला चमचा उडून फ्रिजखाली गेला. "एतेरी, त्यापेक्षा माझ्या मिशा उतरव आणि मला भाज्या चिरायला बसव!"

"हातात कोण म्हणतंय? बाहीत ठेव," एतेरी म्हणाली. अक्रोड फोडायचा तिचा हात काही थांबला नाही. "एवढीशी चिठ्ठी. कुणाला दिसणारेय?"

"मला दिसेल!"

"तुला चष्म्याशिवाय मी दिसत नाही."

बाहेरचं कुणी ऐकतं तर म्हणालं असतं, मेजवानीत पेला उंचावून चार शब्द बोलायचे तर आहेत, त्यात एवढा आरडाओरडा कशाला? पण बाहेरच्याला काय कळणार! आमच्याकडे मेजवानी म्हटली की तमादा, म्हणजे मेजवानीचा सूत्रधार, आला. तो बोलल्याशिवाय कुणी पेल्याला ओठ लावायचे नाहीत, आणि त्याने बोलायचं तेही ठरलेल्या क्रमाने. आधी देव आणि शांतता, मग मातृभूमी, मग आई-वडील, आणि असं करत करत बाळगोपाळांपर्यंत. प्रत्येक वेळी नवं, मनापासून आणि तोंडपाठ. मधेच अडखळला तर त्याची गोष्ट नातवंडांच्या कानावर जाते. कागद काढणाऱ्याची गोष्ट तर कुणी सांगतसुद्धा नाही. नुसतं त्या घरावरून जाताना मान फिरवतात.

आणि वार्लाम काही साधासुधा तमादा नव्हता. कुताइसी शहरातल्या एका कॉलेजात तो मानसशास्त्र शिकवायचा. माणूस शिकतो कसा, लक्षात ठेवतो कसा आणि विसरतो कसा, हा त्याचा विषय. त्यातलं विसरणं तो घरी प्रात्यक्षिकासह करून दाखवतो, असं एतेरी म्हणायची. ती बोलायला जरा तिखटच होती, पण ब्रेड आणायला गेलेला वार्लाम दोनदा वर्तमानपत्र घेऊन परत आला होता, हेही खरंच.

शनिवारी खातियाचा, त्याच्या एकुलत्या एका लेकीचा, साखरपुडा होता. मुलगा बेका, द्राक्षमळ्यांच्या काखेती प्रांतातल्या एका खेड्यातला, गुणी आणि हसरा. बेकाचे आई-वडील इटलीत कामाला. ते एकदम लग्नालाच यायचे होते. बेकाला वाढवलं ते त्याच्या आजोबांनी, आणि सगळं घोडं तिथेच अडलं होतं. आर्चिल आजोबा म्हणजे त्या पंचक्रोशीतले नामांकित तमादा. कुताइसीकडची माणसं गोड बोलतात पण पोटात काय ते कळू देत नाहीत, आणि त्यातून शिकलेली असली तर त्यांना पोटच नसतं, अशी त्यांची ठाम समजूत होती. घरची अंगठी, म्हणजे त्यांच्या बायकोची, लामाराची, ते खिशात घालून आणणार होते. पण ती खिशातून बाहेर काढायची की नाही हे ते मेजवानीतच ठरवणार होते. त्यांनी निरोप धाडला होता : "तमादा मुलीच्या बापानेच व्हावं. हातात पेला असला की माणूस कळतो."

"आजोबांनी अंगठी नाही काढली तर?" खातियाने विचारलं होतं. विचारताना ती हसली होती, पण तेव्हापासून वार्लामला धड झोप नव्हती.

"अंगठी निघणार!" तो आता ओरडला. "माझ्याकडे पद्धत आहे. दोन हजार वर्षांची! जुने वक्ते तासन् तास बोलायचे ते काय कागद घेऊन? चल, दाखवतो."

त्याने एतेरीला अक्रोडांसकट उठवलं आणि बैठकीच्या खोलीच्या दारात उभं केलं.

"जे लक्षात ठेवायचं ते आपल्या ओळखीच्या जागांवर ठेवून द्यायचं. घर आपलं, पाठ असलेलं. मग बोलताना मनातल्या मनात घरातून फिरायचं आणि एकेक वस्तू उचलायची. हे दार म्हणजे शांतता. इथे एक कबूतर बिजागरीत अडकलंय."

"कुठेय?"

"मनात! चित्र जितकं विचित्र तितकं ते पक्कं बसतं. हा कोट अडकवायचा खांब म्हणजे मातृभूमी. त्यावर आपला सगळा देश, काळ्या समुद्रासकट, ओला अडकवलाय आणि टपटप गळतोय. हा सोफा म्हणजे आई-वडील. जगातले सगळे आई-वडील इथे दाटीवाटीने बसून टीव्हीच्या रिमोटवरून भांडताहेत. पियानो म्हणजे खातिया आणि बेका, चार हातांनी वाजवताहेत. ही आरामखुर्ची आर्चिल आजोबांची. ते तिच्यात बसून मांडीवर वाइनचा रांजण जोजवताहेत. हे काचेचं कपाट म्हणजे आपली गेलेली माणसं. आणि शेवटी ही खिडकी, लहान मुलांची. पडदे धरून लोंबकळताहेत. झालं! चुकायला जागा आहे कुठे?"

काचेच्या कपाटावर त्याच्या आईचे आणि वडिलांचे फोटो होते. तिथे आला की त्याचा आवाज आपोआप खाली यायचा.

"आणि ब्रेड कुठे ठेवलास?" एतेरीने विचारलं.

"कसला ब्रेड?"

"जो तू सकाळी आणणार होतास तो."

पण खरं सांगायचं तर पद्धत होती मोठी नामी. आठवडाभर वार्लाम घरभर फिरत होता. दारापाशी थांबून कबुतराशी बोलायचा, खांबाला मुजरा करायचा, सोफ्यावरच्या अदृश्य सासू-सासऱ्यांना सरकून बसायला सांगायचा. खातियाकडून त्याने आर्चिल आजोबांची इत्थंभूत माहिती काढली आणि ती सगळी आरामखुर्चीत कोंबली. गारपिटीच्या वर्षी गावाच्या वेली झोपल्या आणि एकट्या आजोबांचा मळा वाचला, तेव्हा त्यांनी घरोघरी द्राक्षं वाटली. त्यांचा खर्जातला आवाज असा की ते गायला लागले की तळघरातले रांजण घुमतात. आणि लामारा आजी गेल्यापासून ते गायलेले नाहीत. हे शेवटचं ऐकून वार्लामचे डोळे भरून आले होते. 'तो आवाज आम्हाला लग्नात ऐकायचाय' असा शेवट त्याने बांधला आणि खुर्चीच्या हातावर नीट ठेवून दिला.

शुक्रवारी त्याने रंगीत तालीम केली. दारापासून खिडकीपर्यंत कुठे म्हणून अडखळला नाही. एतेरीसुद्धा झारा हातात धरून ऐकत राहिली आणि म्हणाली, "हं. बरं बोलतोस की." लग्नाच्या इतक्या वर्षांत मिळालेलं हे सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र. वार्लामला आता शनिवार कधी उजाडतो असं झालं.

शनिवारी सकाळी त्याचा तास होता. तो आनंदाने उड्या मारत कॉलेजात गेला, मुलांना म्हणाला, "स्मरणशक्ती म्हणजे नीट लावलेलं घर!" आणि तिथूनच पाहुण्यांना आणायला बस थांबतात त्या चौकात गेला. काखेतीहून आलेल्या गाडीतून आधी वाइनचे कॅन उतरले, मग बेका, मग बेकाचा भलामोठा चुलता थेमो, मग दोन आत्या आणि सर्वांत शेवटी काठी टेकत आर्चिल आजोबा. उंच, वाळकट, पांढऱ्या भुवया कपाळाबाहेर आलेल्या. त्यांनी वार्लामकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्ही विसरण्याचे प्रोफेसर ना?"

"लक्षात ठेवण्याचा, आजोबा!"

"बरं. बघू," आजोबा म्हणाले आणि कोटाच्या आतल्या खिशावर एकदा हात ठेवून पाहिला. अंगठी तिथे होती. वार्लामने तो हात पाहिला आणि त्याला आणखीच उत्साह चढला. नाणं टाकल्याशिवाय न हलणाऱ्या आपल्या इमारतीच्या लिफ्टमधून पाहुण्यांना दोन-तीन खेपांत वर आणताना तो मनातल्या मनात कबुतराला म्हणत होता, आलोच रे बाबा.

तो घरात शिरला. आणि त्याचं घर तिथे नव्हतं.

आता एतेरीची तरी काय चूक? एवढ्याशा खोलीत सगळ्या पाहुण्यांना आणि शेजाऱ्यांना बसवायचं म्हणजे जादू करावी लागते, आणि ती जादू आमच्याकडे प्रत्येक घरात होते. शेजारची झुझुना बाकं घेऊन आली होती, तिचा नवरा आणि दीर हात लावायला आले होते. एतेरीच्या मते नवऱ्याला सगळं घर मनात पाठ असल्यामुळे खऱ्या घरात ते कसं आहे याने काही बिघडत नव्हतं.

वार्लामने तिला कोपराला धरून स्वयंपाकघरात ओढलं. "एतेरी! शांतता कुठेय?"

"आज? आजच्या दिवशी घरात शांतता?"

"दार! दार कुठेय?"

"एक टेबल कमी पडत होतं. काढून दोन स्टुलांवर ठेवलंय. तू त्याच्यावरच जेवणारेस."

"आणि मातृभूमी?"

"बाल्कनीत. दार अडवत होती."

"आई-वडील?" वार्लामचा आवाज चढला.

"झुझुनाकडे. तिच्या दिराने एकट्याने उचलून नेले बघ! एक पाय जरा मोडला, पण खिळा मारून देतो म्हणालाय."

दारात, म्हणजे जिथे दार असायचं तिथे, धाकटी आत्या पाणी मागायला आली होती. तिने हे ऐकलं आणि पाणी न मागताच ती हळूच परत गेली.

"आणि मेलेले? मेलेल्यांना तर हात नाही ना लावलास?"

"कपाट कोण हलवणार? ते आहे तिथेच आहे. आरामखुर्ची फक्त त्याच्यासमोर आणली. आजोबांच्या गुडघ्यांना मऊ नको का? मी म्हटलं, मानाची जागा."

वार्लामने डोळे मिटले आणि आपली जुनी खोली पाहायचा प्रयत्न केला. दिसली, पण तिच्यावर नवी खोली चढून बसली होती. एक शिकलेलं दुसऱ्यावर कशी कुरघोडी करतं, हा धडा तो दर वर्षी वसंतात शिकवायचा. तो इतका रंगतदार आहे हे त्याला आजच कळत होतं.

"चिठ्ठी देऊ का?" एतेरीने हळू आवाजात विचारलं.

"कदापि नाही!" वार्लाम म्हणाला, आणि जाऊन तमादाच्या जागी बसला.

समोर पांढऱ्या चादरीखाली त्याचं दार होतं. त्यावर चीजने फुगलेल्या खाचापुऱ्या, मधोमध भाजलेलं डुक्कर, अक्रोडाच्या वाटणातली कोंबडी, वांग्याच्या गुंडाळ्या, आंबट आलुबुखाऱ्याची चटणी, एवढ्या बशा की बशीवर बशी. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, बरोबर त्याच्या समोर, आरामखुर्चीत आर्चिल आजोबा बसले होते. त्यांच्या डोक्याच्या एका बाजूला वार्लामच्या आईचा फोटो, दुसऱ्या बाजूला वडिलांचा, आणि मधे झुझुनाने भक्तिभावाने लावलेली मेणबत्ती. आजोबांनी एकदा मान वळवून दोन्हीकडे पाहिलं, भुवया उंचावल्या, पण पाहुण्याने काय बोलायचं म्हणून खिशावर हात ठेवून बसले.

थेमोने पेले भरले. वार्लाम उठला.

शांतता जमली. चादरीवर नजर खिळवून, भाजलेल्या डुकराखाली चिरडलेल्या कबुतराबद्दल त्याला इतकी कणव आली की शांततेवर तो चांगलाच बोलला. काखेतीकरांनी माना डोलावल्या. मातृभूमीही निभावली, कारण काचेतून बाल्कनीतला खांब दिसत होता. मात्र झुझुनाने त्यावर मेजवानीच्या कोथिंबिरीच्या ओल्या जुड्या टांगल्या होत्या, त्यामुळे "आमची ही हिरवीगार, सुगंधी, स्वस्त" असं काहीतरी त्याच्या तोंडून निघून गेलं. थेमोने 'स्वस्त' ऐकून घास गिळायचा थांबवला.

मग वार्लामने सोफ्याकडे पाहिलं. सोफा नव्हता. तिथे बाकावर दोन आत्या बसून एकमेकींच्या कानाला लागल्या होत्या. जिथे खूणच नाही तिथे आठवण कशी उगवणार? तो सरळ पियानोवर गेला.

"आता आपली लाडकी खातिया आणि बेका..."

"आई-वडील राहिले," कुणीतरी पुटपुटलं.

"ते शेजारी नेऊन ठेवलेत," धाकटी आत्या थोरलीला म्हणाली. "एकाचा पाय मोडलाय. मी या कानांनी ऐकलं."

आर्चिल आजोबांनी पेला ओठाला लावला, खाली ठेवला आणि खिशावरचा हात काढून घेतला. ते पाहून खातिया पांढरी पडली. वार्लामने लेकीचा चेहरा पाहिला आणि बोलणं घाईघाईने उरकलं. पियानोवर मधातल्या अक्रोडांच्या वड्यांची ताटं होती, तेव्हा या जोडीला त्याने गोड आणि चिकट म्हणून टाकलं आणि पेला घशात ओतला. आता एकच उपाय होता. डोळे मिटायचे, म्हणजे ही नवी खोली दिसणार नाही, आणि जुन्या घरातून शांतपणे चालायचं.

त्याने डोळे घट्ट मिटले.

"झोपले का?" थेमोने बेकाला विचारलं.

वार्लाम मनातल्या घरात चालत होता. पियानो मागे पडला. पुढे आरामखुर्ची. आली! आजोबा तिच्यात बसलेले, मांडीवर रांजण. पण हे काय, त्यांच्या मागे काच चमकते आहे, मेणबत्ती जळते आहे आणि दोन्ही बाजूंना आई आणि बाबा उभे. वाइनचे तीन पेले पोटात होते. खुर्ची आणि कपाट एकमेकांत शिरले ते पुन्हा वेगळे झालेच नाहीत. आईला पाहिल्याबरोबर वार्लामचा आवाज आपोआप खाली आला.

"उठा, मंडळी," तो म्हणाला.

त्या आवाजाने सगळे उठले. तमादाने असं सांगितलं की कारण विचारायचं नसतं.

"जे आज आपल्यात नाहीत, त्यांच्यासाठी." त्याने चाचपडत ब्रेडचा तुकडा उचलला आणि रिवाजाप्रमाणे त्यावर वाइनचे थेंब सोडले. सगळ्यांनी सोडले. "आज मला एकाच माणसाची आठवण काढायची आहे. आर्चिल!"

थेमोने दचकून आजोबांकडे पाहिलं.

"काय माणूस होता! गावाच्या वेली गारपिटीने झोपल्या आणि एकट्या याच्या वाचल्या. दुसरा असता तर भाव चढवून बसला असता. पण हा टोपल्या घेऊन दारोदार गेला. म्हणाला, गार काही माझ्या पुण्याईने चुकली नाही, हे तुमचंच आहे. आज त्या गावातल्या प्रत्येक पेल्यात त्याचा एक घोट आहे. बिनआईबापाचं म्हणावं असं पोर त्याने पदरात घेतलं आणि असं वाढवलं, की मी माझी लेक, माझा जीव, डोळे मिटून त्याच्या हाती देतोय." डोळे तर मिटलेले होतेच. "आणि तो आवाज! तो गायला लागला की तळघरात रांजण घुमायचे. बायको गेली आणि त्याने गाणं थांबवलं. आम्ही करंटे, आम्हाला वाटलं, गाईल कधीतरी, घाई काय आहे! आता तो आवाज कुठून ऐकणार आम्ही? आर्चिल, आम्ही तुला वेळेवर सांगितलं नाही रे, की आमचं तुझ्यावर प्रेम होतं!"

झुझुना हमसून हमसून रडत होती. ती तशी कुणाच्याही मयताला रडते. पण थेमोही डोळे पुसत होता, आणि थोरल्या आत्याने "अरे माझ्या बाबा!" म्हणून हंबरडा फोडला, बाबा हाताच्या अंतरावर उभे असताना. वार्लामलाही कढ आवरेना. त्याने पेला रिकामा केला, डोळे उघडले आणि समोर पाहिलं.

समोर मयत उभं होतं. दुखऱ्या गुडघ्यांवर, काठीला रेलून, एका हातात पेला आणि दुसऱ्या हातात स्वतःच्याच नावाने वाइन सोडलेला ब्रेडचा तुकडा. तमादाने उठा म्हटलं म्हणून आजोबाही उठले होते. स्वतःच्या पुण्यस्मरणाला बसून राहणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं.

वार्लामच्या हातातून पेला निसटला आणि दारावर पडून फुटला. एतेरी बिनदाराच्या चौकटीत गरम खाचापुरी घेऊन थिजली. खातियाने चेहरा ओंजळीत लपवला. बेका टेबलाखाली काहीतरी शोधू लागला. बहुधा जमीन दुभंगायची वाट पाहत असावा.

"संपलं?" आर्चिल आजोबांनी विचारलं.

"ह... हो," वार्लाम म्हणाला.

आजोबांनी तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि खुर्चीत बसले.

"एक चूक आहे," ते म्हणाले.

"आजोबा, एकच नाही, मी..."

"थांबा, मला बोलू द्या. द्राक्षं मी नाही वाटली. लामाराने वाटली. मी नको म्हणत होतो. भांडलो तिच्याशी. टोपल्या उचलल्या त्या तिच्या धाकाने. सगळं गाव माझं नाव घेतं आणि मीही इतकी वर्षं घेऊ दिलं." त्यांचा आवाज जरा घोगरा झाला. "मेलेल्या माणसाला खोटं बोलून काय मिळणार? म्हणून सांगून टाकलं."

दोन्ही आत्या एकमेकींकडे पाहायला लागल्या.

"जन्मभर तमादा होतो मी," आजोबा पुढे म्हणाले. "अर्धं गाव मी असंच बोलून पोचवलं. दर वेळी वाटायचं, बघा, या माणसाबद्दल इतकं चांगलं आयुष्यात कुणी बोललं नाही, आणि आज बोलताहेत तर गडी ऐकायलाच नाही! एकालाही मी जिवंतपणी सांगितलं नाही. लामारालाही नाही. आणि या माणसाने," त्यांनी काठी उगारली तसा वार्लाम मागे सरला, "या माणसाने बघा काय केलं! मी मघापासून विचार करतोय, मला मेलेल्यांच्या फोटोंत नेऊन का बसवलं? डोक्याशी मेणबत्ती का? अरे, सगळं आधीपासून ठरवून ठेवलं होतं याने! काखेतीत कुणाची छाती झाली असती?"

एतेरीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि मिटून घेतलं.

"आणि तो आवाज ऐकायचा नाही असं कोण म्हणालं?" आजोबा कडाडले. "मला मारून टाकता होय? थेमो, वरचा सूर धर!"

आणि आर्चिल आजोबा गायले. पहिला सूर गंजलेल्या बिजागरीसारखा करकरला, दुसरा सापडला, तिसऱ्याला कपाटातल्या काचा किणकिणायला लागल्या. थेमोने वरचा सूर धरला, झुझुनाच्या नवऱ्याने मधला, आणि खोली अशी भरून गेली की खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात येऊन उभी राहिली. आत्या रडत रडत टाळ्या वाजवत होत्या. गाणं संपायच्या आतच आजोबांनी खिशातून अंगठी काढली, खातियाला जवळ बोलावलं आणि तिच्या तळहातावर ठेवून वर तिची मूठ मिटली.

"लामाराची आहे," ते म्हणाले. "ती वाटून टाकणारी होती. तू पण हो."

वार्लाम ढसाढसा रडला. या वेळी डोळे उघडे ठेवून.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झुझुनाच्या नवऱ्याने आणि दिराने सगळं जागच्या जागी आणून लावलं. दार बिजागऱ्यांवर चढलं, मातृभूमीवरची कोथिंबीर उतरली, आई-वडील लंगडत का होईना घरी परतले. माणसं नुकतीच घाम पुसत गेली होती. वार्लाम पायजम्यात आरामखुर्चीत बसून चहा पीत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर तेज होतं.

"खुर्ची कपाटासमोर पाहिली ना, तेव्हाच मला सुचलं," तो म्हणाला.

"काय सुचलं?"

"हेच. जिवंत माणसाला मयताचा मान द्यायचा. म्हटलं, होऊन जाऊ दे. धाडस होतं, पण ठरवूनच केलं मी."

"आणि स्वयंपाकघरात माझा हात पिरगाळून 'मेलेल्यांना हात लावलास का' म्हणून कोण ओरडत होतं?"

"मी? छे! मी कशाला ओरडेन?"

तो खोटं बोलत नव्हता, हीच तर गंमत. आठवण म्हणजे कपाटातून काढलेली कालची बशी नव्हे, दर वेळी घरात असेल त्या चीजची नवी खाचापुरी भाजावी लागते, असं तो मुलांना शिकवत आला होता. रात्रभर आर्चिल आजोबांच्या तोंडून 'सगळं ठरवून केलं याने' ऐकलं होतं, तेच चीज आत गेलं होतं. एतेरीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. काल या खुळ्या माणसाने लेकीसाठी किती रडून घेतलं ते तिला आठवलं, आणि तिने त्याचा पेला पुन्हा चहाने भरला.

तेवढ्यात फोन वाजला.

"व्याही!" आर्चिल आजोबांचा आवाज पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचला. "मी वाटेतूनच गावात फोन लावून सगळं सांगितलं. आता असं आहे, माझे चार मित्र आहेत माझ्याच वयाचे. त्यांचं म्हणणं, आम्हालाही मरायच्या आत ऐकायचंय. लग्नात तुम्हीच तमादा! त्यांची माहिती बेका कळवेल. पण आधी माझं. कालचंच, शब्द न् शब्द, फक्त द्राक्षं लामाराने वाटली एवढी दुरुस्ती करून. बेकाच्या आईला इटलीहून आल्यावर ऐकवायचंय. नाही म्हणू नका!"

"नाही कशाला म्हणू? मोठ्या आनंदाने!" वार्लाम उठून उभा राहत ओरडला. "शब्द न् शब्द!"

त्याने फोन ठेवला, हात चोळले, घसा खाकरला, आरामखुर्चीकडे पाहिलं. मग कपाटाकडे पाहिलं. मग पुन्हा खुर्चीकडे. त्याच्या चेहऱ्यावरचं तेज हळूहळू मावळलं.

"एतेरी," तो बारीक आवाजात म्हणाला, "काल मी बोललो काय गं?"

"ठरवून बोललास ना? मग आठव."

"गारपीट आठवतेय. आणि मग एकदम त्यांचं गाणं. मधलं सगळं... तू तर ऐकलंस!"

"मी खाचापुरी पडू नये म्हणून धरून उभी होते. मला फक्त झुझुनाचं रडणं ऐकू आलं."

वार्लाम दारापासून खिडकीपर्यंत एक फेरी मारून आला. कबूतर होतं, काळा समुद्र गळत होता, आजोबा रांजण जोजवत होते. कालचा एक शब्द कुठे नव्हता. मग त्याच्या डोळ्यांत अचानक चमक आली आणि त्याने टाळी वाजवली.

"सापडेल! जिथे शिरलं तिथेच सापडतं. माणूस ज्या जागी, ज्या अवस्थेत बोलतो तीच जागा पुन्हा मिळाली की आठवण चालत येते, सिद्ध झालेलं आहे! मला फक्त कालची खोली हवी. जशीच्या तशी. आणि तीन पेले वाइन."

एतेरीने नुकत्याच लावलेल्या खोलीवरून एकदा नजर फिरवली. मग तिने कमरेच्या अ‍ॅप्रनला हात पुसले, जिन्यात गेली आणि शेजारच्या दारावर थाप मारली.

"झुझुना! नवऱ्याला आणि दिराला म्हणावं, कोट घाला परत. आई-वडील पुन्हा तुमच्याकडे न्यायचेत!"